वेताळाच्या गोष्टीचा शेवट

विक्रम राजा आणि वेताळ ही जोडी ठाऊक नाही असा माणूस आपल्याकडे सापडणे कठीण. राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो, स्मशानाची वाट धरतो; प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत एक गोष्ट सांगतो आणि शेवटी एक प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील, म्हणतो. राजा तोंड उघडतो, आणि वेताळ पुन्हा झाडावर! एवढे सगळ्यांना येते. पण श्रोतेहो, एक विचारू का? या गोष्टीचा शेवट काय होतो? हा राजा एवढ्या काळोख्या रात्री ते प्रेत कोणासाठी वाहत होता? आणि ते पोचते झाल्यावर पुढे काय घडले? चार जणांना विचारून पाहा. बहुतेक जण घुटमळतील.

हा प्रश्न मला यंदाच्या उन्हाळी सुट्टीत पडला. सुट्टीचा एक महिना मी मुद्दाम राखून ठेवला होता. आठव्या-नवव्या वर्षापासून पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत आपण ज्या अद्भुत गोष्टींवर पोसलो त्या पुन्हा वाचायच्या, आणि त्यांच्या जोडीला आजची मुले ज्या वाचतात त्याही वाचायच्या, असे ठरवले. माझा विषय इतिहास. त्यामुळे राजा-राक्षसाच्या गोष्टी वाचतानाही ही गोष्ट कोठून आली, कोणी लिहिली, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, हे पाहण्याची खोड काही सुटत नाही. त्या महिन्यात जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. विशेषतः शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी ते ऐकावे अशी इच्छा आहे, कारण त्यात त्यांच्या कामाची एक गोष्ट आहे.

प्रथम आपल्या पैठणला जाऊ. गोदावरीच्या काठचे हे गाव पूर्वी प्रतिष्ठान म्हणून प्रसिद्ध होते आणि सातवाहन राजांची ती राजधानी होती. तिथल्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी आख्यायिका आहे. राजा एकदा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, ‘‘मला पाण्याने मारू नका.’’ संधी सोडवता न आल्यामुळे राजाला त्यात ‘मोदक’ ऐकू आले आणि त्याने मोदकांची ताटे मागवली! राणी हसली. राजाला ते फार लागले. संस्कृत शिकवायला किती दिवस लागतील, असे त्याने पंडितांना विचारले. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने. गुणाढ्याने पैज लावली, की हे साधले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. पैज तो हरला आणि रानात निघून गेला. तिथे पिशाचांची म्हणून समजली जाणारी पैशाची भाषा तो शिकला आणि तीत त्याने सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली, असे सांगतात.

ग्रंथ राजाकडे गेला तेव्हा राजाने नाक मुरडले. भाषा पिशाचांची, शाई रक्ताची. असला ग्रंथ दरबारात कशाला? गुणाढ्याने रानात अग्नी पेटवला. एकेक पान तो पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. जनावरे चरायचे सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस सुकलेले निघू लागले. चौकशी होता होता गोष्ट उलगडली आणि राजा धावत रानात आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरले एक लाख.

ही आख्यायिका आहे, शिलालेख नव्हे. मूळ ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. पण तिचा सार संस्कृतात उतरला आणि अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने सूर्यवती राणीसाठी ‘कथासरित्सागर’ हा ग्रंथ रचला, हा मात्र इतिहास आहे. त्याच ग्रंथात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. आणि ऐका, तिथला राजा उज्जैनचा विक्रमादित्य नाही. तो आहे गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा त्रिविक्रमसेन. म्हणजे आपल्या पैठणचा! उज्जैनच्या विक्रमाचे नाव पुढे त्याच्या जागी रूढ झाले.

आता मराठीकडे वळू. आजी नातवंडांना चिऊ-काऊच्या घरांची गोष्ट सांगते. कावळ्याचे घर शेणाचे, ते पावसात वाहून जाते, चिमणीचे मेणाचे, ते टिकते. या गोष्टीचे एक जुने रूप तेराव्या शतकाच्या अखेरच्या ‘लीळाचरित्रा’त मिळते. सातशे वर्षे झाली, तरी ती गोष्ट अजून घरोघर चालू आहे. तिला ना छापखाना लागला, ना परीक्षा.

छापखाना आला तो एकोणिसाव्या शतकात. दूर तमिळ मुलखात तंजावरला सरफोजी राजांनी छापखाना घातला, आणि त्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या. बंगालात श्रीरामपूरला मिशनऱ्यांच्या छापखान्यातून १८१४ मध्ये ‘सिंहासन बत्तिशी’ निघाली. मुंबईत सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ आणि इसापनीती अशी दोन पुस्तके मराठीत आणली. यातला ‘बाळमित्र’ मूळ फ्रान्सातला. अर्नो बेर्कें नावाच्या लेखकाचे हे पुस्तक इंग्रजीतून मराठीत आले. त्यात सद्गुणी मुले, आज्ञाधारक मुले, चुकणारी आणि मग सुधारणारी मुले आहेत. राक्षस नाही, परी नाही. शाळेला शोभेल असेच ते पुस्तक. पण त्याच छत्र्यांनी १८३० मध्ये काय केले असेल? ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली! एका हातात बोधाचे पुस्तक, दुसऱ्या हातात वेताळ. मुलांना दोन्ही लागते हे त्या माणसाला कळले होते, असे मला वाटते.

पुढे १८६१ च्या सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ सुरू केल्या. कृष्णशास्त्री म्हणजे कोणी साधी असामी नव्हे. शिक्षकांसाठी निघणाऱ्या ‘शालापत्रका’चे संपादन केलेला हा विद्वान. त्याला जिनांच्या आणि उडत्या घोड्यांच्या गोष्टी मराठीत आणण्यात कमीपणा वाटला नाही. सिंदबादच्या सफरी, अल्लाउद्दिनाचा दिवा, अलीबाबाची तिळाच्या नावाने उघडणारी गुहा या गोष्टी आपल्या घरच्याच होऊन गेल्या.

या गोष्टींबद्दल एक नवी माहिती सांगतो. आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताने १७०४ ते १७१७ या काळात त्या प्रथम युरोपात आणल्या. परंतु अल्लाउद्दिन आणि अलीबाबा या गोष्टी त्याच्या हाती असलेल्या अरबी पोथीत नव्हत्याच. मग आल्या कोठून? १७०९ मध्ये पॅरिसात त्याला सीरियातल्या अलेप्पो शहरचा एक तरुण भेटला, हन्ना दियाब. त्याने त्या तोंडी सांगितल्या आणि गालांने त्यांची नोंद रोजनिशीत केली. छापील पुस्तकावर मात्र सांगणाऱ्याचे नाव आले नाही. दियाबने उतारवयात लिहिलेली आपल्या प्रवासाची हकीकत व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होती. ती फ्रेंचमध्ये छापून निघाली २०१५ साली. म्हणजे ज्याच्या गोष्टींवर साऱ्या जगाची मुले वाढली, त्या माणसाचे नाव सर्वसाधारण वाचकाला कळायला तीनशे वर्षे लागली. पैठणच्या राजाने ग्रंथ नाकारला, पॅरिसात सांगणाऱ्याचे नाव गळाले. गोष्ट हवी, पण सांगणाऱ्याची किंमत नको, हा प्रकार असा जुना आहे.

विसाव्या शतकात मुलांसाठी स्वतंत्र मासिके निघाली. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ सुरू केले. जरा मोठ्या मुलांना नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने (१९१३) वेड लावले. सिंहगडावरून पडून कमरेखाली अधू झालेला हा लेखक. त्याने एका जागी बसून हजारो मुलांना भुयारांतून आणि किल्ल्यांतून फिरवून आणले. त्यानंतर एप्रिल १९५२ मध्ये मद्रासहून ‘चांदोबा’ मराठीत येऊ लागला. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये काढलेल्या ‘चंदामामा’चे हे मराठी भावंड. पाठीवर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम आपल्या डोळ्यांसमोर जो उभा राहतो, तो शंकर या चित्रकाराचा. २०२० मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षाच्या आसपास, ते वारले. मासिक १९९८ मध्ये बंद पडले, पुढच्या वर्षी पुन्हा निघाले, २००७ मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेले आणि २०१३ च्या सुमारास कायमचे थांबले. ज्या गावात दुसरे पुस्तक येत नसे तिथेही एसटीबरोबर ‘चांदोबा’ पोचत असे. तो गेल्यावर त्याची जागा कोणी घेतली, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

आणि इथेच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘चांदोबा’त वेताळाची गोष्ट दरमहा येई. मूळच्या पंचवीस गोष्टी केव्हाच संपल्या. मग संपादकांनी त्याच चौकटीत नव्या नव्या गोष्टी बसवल्या. त्यामुळे राजा दर महिन्याला मौन मोडी आणि वेताळ दर महिन्याला झाडावर जाई. हे वर्षानुवर्षे चालले. म्हणून आपल्यापैकी कित्येकांनी वेताळ शेकडो वेळा वाचला, पण शेवट वाचलाच नाही.

तो शेवट असा. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू राजाच्या दरबारात रोज येई आणि राजाला एक फळ देई. काही मागत नसे. राजा ते फळ कोठारात टाकवी. एक दिवस एका माकडाने फळ फोडले, तर आतून रत्न निघाले! कोठारात पाहिले, तर रत्नांची रास. राजा भारावला आणि विचारता झाला, महाराज, तुमची इच्छा काय? भिक्षू म्हणाला, मला एक मंत्र सिद्ध करायचा आहे, त्याला वीराचे साहाय्य लागते. येत्या कृष्ण चतुर्दशीच्या रात्री एकट्याने स्मशानात ये. तिथून प्रेत आणण्याचा तो सारा खटाटोप सुरू झाला. वेताळ विचारी आणि राजा उत्तर देई. शेवटच्या प्रश्नाला मात्र राजापाशी उत्तर नव्हते. तो गप्प राहिला. तेव्हा वेताळ प्रसन्न झाला आणि त्याने खरी गोष्ट सांगितली: अरे राजा, तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू वाकलास की तलवार चालवील. तू म्हण, मी राजा आहे, मला नमस्कार घालता येत नाही, आधी तुम्ही करून दाखवा. राजाने तसेच केले. भिक्षू नमस्कार दाखवायला वाकला आणि राजाने त्याचेच डोके उडवले.

श्रोतेहो, हा शेवट वाचला आणि मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो. आपण ज्याला भुताखेतांची गोष्ट म्हणत आलो, ती मुळात एका भोंदूची गोष्ट आहे! आधी फुकट देणारा, भोळा विश्वास संपादन करणारा, मग रात्री एकटा ये म्हणणारा, आणि शेवटी नरबळी देऊ पाहणारा. यातला कोणता प्रकार आपल्या काळात नाहीसा झाला आहे, सांगा. महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोण्याच्या अघोरी प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा झाला. ज्या धोक्याविरुद्ध २०१३ मध्ये कायदा करावा लागला, त्याची खूण सोमदेवाने हजार वर्षांपूर्वी गोष्टीत घालून ठेवली होती.

आता कोणी म्हणेल, अहो, मग भुते, वेताळ, चेटकिणी या गोष्टी मुलांना द्यायच्याच कशाला? त्यांनीच अंधश्रद्धा वाढते. ही शंका हलकी नाही. बालशिक्षणाच्या थोर आचार्य मारिया माँटेसोरी यांचेही मत असे होते की अगदी लहान वयात काल्पनिक गोष्टींपेक्षा खऱ्या जगाची ओळख महत्त्वाची. पण त्यांच्याच वाटेने जाणाऱ्या भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी गोष्टीला बालमंदिरात मानाची जागा दिली आणि गोष्ट कशी सांगावी यावर गुजरातीत अख्खे पुस्तक लिहिले. आपल्या ताराबाई मोडक याच गिजुभाईंच्या सहकारी. म्हणजे हा वाद जाणत्यांमध्येही झालेला आहे.

माझे म्हणणे असे आहे. गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगून टाकते की मी गोष्ट आहे. ‘आटपाट नगर होते’ म्हटले की पाच वर्षांच्या पोरालाही कळते, हे नगर नकाशात शोधायचे नाही. भोंदू माणूस असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, हे खरे आहे, आणि एवढे पैसे टाक. ज्या मुलाला अद्भुत आणि खरे यांतली सीमा गोष्टींमधून ओळखीची झाली, त्याला फसवणे अवघड जाते. ज्याला गोष्टच मिळाली नाही, त्याला पहिला भेटणारा चमत्कार खराच वाटतो.

मात्र एक कबूल केले पाहिजे. जुन्या गोष्टी सगळ्याच निर्दोष नाहीत. त्यांतली चेटकीण बहुधा म्हातारी, एकटी, कुरूप असते. आपल्याच राज्यात काही भागांत एकट्यादुकट्या बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याचे प्रकार घडले आहेत. तेव्हा अशी गोष्ट सांगताना गुरुजींनी थांबून दोन शब्द बोलले पाहिजेत. म्हातारी एकटी का राहते? तिच्याकडे कोणी जात का नाही? मुलेच त्याचे उत्तर देतील.

आजच्या पुस्तकांकडेही मी याच नजरेने पाहिले. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी अद्भुत कादंबऱ्यांचा पूर आला तो १९९७ ते २००७ या काळात निघालेल्या हॅरी पॉटरच्या सात भागांनंतर. ते भाग मराठीतही आले आहेत. पहिल्या भागाच्या नावात ‘परीस’ आहे. संतांच्या अभंगांतून आपल्याकडे रुळलेला शब्द विलायती जादूगाराच्या उपयोगी पडला! दुसऱ्या भागात एक गुरुजी आहेत, लॉकहार्ट नावाचे. दुसऱ्यांचे पराक्रम आपल्या नावावर खपवणारे आणि प्रसंग आला की पळ काढणारे. क्षांतिशीलाचा हा दूरचा चुलतभाऊच म्हणायचा. अमेरिकेच्या अर्सुला ले ग्विन यांची अर्थसी बेटांवरची कादंबरी १९६८ ची. तिचा नायक गेड हा शेळ्या राखणारा खेड्यातला पोरगा. जादू शिकतो, गर्वाने एक भयंकर सावली मोकळी सोडतो आणि ती त्याच्या मागे लागते. शेवटी तो उलट फिरून तिचा पाठलाग करतो आणि तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. बाहेरचा राक्षस मारणे सोपे. आपली चूक आपल्या नावाने ओळखणे अवघड. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हे व्याख्यान देऊन पटत नाही. गोष्टीत पटते.

म्हणून शिक्षक मित्रांनो, तीन साध्या गोष्टी सांगतो. पहिली, शाळेतले पुस्तकांचे कपाट उघडा. पुस्तक हरवेल, फाटेल, ही भीती खरी आहे. हिशेब तुम्हाला द्यावा लागतो हेही खरे. पण वाचून फाटलेले पुस्तक कामी आले, वाळवीने खाल्लेले वाया गेले. दुसरी, आठवड्यातून एक तास मोठ्याने वाचा, आणि सातवी-आठवीनंतर तो बंद करू नका. त्याच वयात मुले वाचनापासून दूर जाऊ लागतात, कारण लहानांची पुस्तके त्यांना पोरकट वाटतात आणि मोठ्यांची जड जातात. तिसरी, वेताळाची गोष्ट वाचताना त्याच्या प्रश्नापाशी थांबा. राजाचे उत्तर लगेच वाचू नका. मुलांना बोलू द्या. न्याय कोणाचा, चूक कोणाची, यावर त्यांची भांडणे होऊ द्या. इतक्या पिढ्या गेल्या, अजून त्या प्रश्नांवर मुले भांडतात. यापरते त्यांचे मोल काय सांगावे?

आणि मंडळी, आपल्या घरी जी आजी गोष्टी सांगते, तिची गोष्ट एकदा तिच्याच शब्दांत वहीवर उतरवून घ्या आणि वर तिचे नाव लिहा. भाषा गावाकडची आहे म्हणून नाक मुरडू नका. पैठणच्या राजाने ते केले होते, आणि तो रानात पोचेपर्यंत सात लाखांतले सहा लाख श्लोक जळून गेले होते.